एक्सईच्या पोटात वेबपान आणि चित्रं: डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये रिसोर्स कसे घालायचे

कोल्हापूर परिसरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरातल्या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्या नव्या मुलांची एक अडचण ठरलेली असते. आपल्या लॅपटॉपवर मदतीचं पान चित्रांसकट छान दिसतं आणि पार्टीच्या, म्हणजे ग्राहकाच्या, मशीनवर चित्रांच्या जागी नुसते मोकळे चौकोन येतात. बहुतेक वेळा कारण एकच निघतं. कुणीतरी पेनड्राइव्हवर एक्सई, म्हणजे सॉफ्टवेअर चालवणारी फाइल, तेवढी उचलून नेली आणि शेजारचा चित्रांचा फोल्डर मागे राहिला.

यावरचा पक्का उपाय म्हणजे पानं आणि चित्रं एक्सईच्या आतच रिसोर्स म्हणून, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलीतच साठवलेला ऐवज म्हणून, घालणं. काम अवघड नाही, पण सुरुवातीलाच एक गोष्ट मनात घट्ट बसवावी लागते. डिस्कवरच्या फाइलला पत्ता असतो, तर रिसोर्सला फक्त नाव असतं. ना ड्राइव्ह, ना फोल्डर, ना एक्स्टेन्शनवरून प्रकार ओळखणारं विंडोज. नाव तंतोतंत जुळलं पाहिजे आणि आतला ऐवज कोणत्या प्रकारचा आहे हे आपणच सांगितलं पाहिजे. या लेखातल्या बहुतेक चुका रिसोर्सला फाइल समजल्यामुळेच होतात.

उदाहरण फौंड्रीचंच घेऊ. तपासणी विभागातल्या संगणकावर एक नोंदणीचं सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘दोष ओळखा’ असं बटण आहे. ते दाबलं की ब्लोहोल, श्रिंकेज, कोल्ड शट अशा कास्टिंगमधल्या दोषांचे फोटो आणि मराठीत माहिती दिसायला हवी. मशीनला नेट नाही. साधनं अशी: सी शार्प, डॉट नेट ८ किंवा पुढचं, विनफॉर्म्स (विंडोजच्या खिडक्या बनवायची चौकट) आणि वेबव्ह्यू२ (खिडकीत वेबपान दाखवणारा मायक्रोसॉफ्टचा कंट्रोल). कोडमधली नावं इथे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत आणि सुटी लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत सलग, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, अशी लिहायची.

आधी कच्चा माल नीट करा

प्रोजेक्टमध्ये ‘वेब’ नावाचा एक फोल्डर करा आणि त्यात होम.एचटीएमएल, स्टाइल.सीएसएस आणि फोटो ठेवा. फाइलींची नावं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. ही शिस्त किरकोळ वाटते, पण पुढचे दोन तास तीच वाचवते. फौंड्रीतून फोटो येतात ते व्हॉट्सॲपवरून, आणि त्यांच्या नावात तारीख, वेळ आणि मोकळ्या जागा असतात. वेबच्या पत्त्यात मोकळ्या जागेचं टक्के-वीस होतं, मग कोड शोधतो एक नाव आणि रिसोर्स असतो दुसऱ्याच नावाचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून थेट घेतलेल्या फोटोचं एक्स्टेन्शन अनेकदा मोठ्या अक्षरांतलं जेपीजी असतं. विंडोजची डिस्क लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, म्हणून फाइल होती तोवर सगळं चालत होतं. रिसोर्सच्या नावात मात्र भेद होतो. देवनागरीत नाव दिलं तर पत्त्यात त्याच्या प्रत्येक बाइटचं टक्के-चिन्हात रूपांतर होतं. ते उलगडता येतं, पण ती उठाठेव करायला नको.

पान यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि हेडच्या अगदी सुरुवातीला पानाचं एन्कोडिंग सांगणारी मेटा कॅरसेटची ओळ लिहा. पहिल्या १०२४ बाइटांच्या आत ती यायलाच हवी. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘कोल्हापूर’ हा शब्द काना, मात्रा, हलन्त धरून नऊ चिन्हांचा, म्हणजे २७ बाइटांचा. एन्कोडिंग कळलं नाही तर ब्राउझर त्यातला एकेक बाइट सुटं रोमन अक्षर समजतो आणि पडद्यावर टोप्या-टिंबं लावलेल्या अक्षरांची रांग उमटते. ती रांग दिसली की फाँट बदलत बसू नका. दोष फाँटचा नसतो.

एचटीएमएलच्या मूळ टॅगवर भाषा ‘एमआर’ अशी लिहा. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तो फाँट या खुणेवरून मराठी वळण निवडतो. ही खूण नसेल तर हिंदी वळणाचा ल येतो, आणि आपल्या वाचकाला तो लगेच खटकतो. विंडोज १० वर देवनागरीसाठी निर्मला यूआय फाँट असतोच. वेगळा हवा असेल तर मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फाँट डब्ल्यूओएफएफ२ स्वरूपात याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे तोही रिसोर्स म्हणून आत जाईल. नेटवरून फाँट आणणारी ओळ पानात ठेवू नका. शॉप फ्लोअरवर नेट नाही हे विसरून चालणार नाही.

आता फोटोंचा आकार. मोबाइलचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो जेपीजी म्हणून तीन-चार एमबीचा असतो. पण दाखवताना तो उलगडावा लागतो आणि तेव्हा प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. १ कोटी २० लाख पिक्सेल गुणिले चार, म्हणजे मेमरीत ४८ एमबी, तेही एका फोटोचे. दहा फोटोंचं पान चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर गुदमरतं. हाच फोटो १२०० बाय ९०० केला तर मेमरीत साधारण ४.३ एमबी लागतात आणि ब्लोहोलची भोकं तितक्यातही स्वच्छ दिसतात. फोटोला जेपीजी, आकृत्या आणि स्क्रीनशॉटला पीएनजी, रेघांच्या चित्रांना एसव्हीजी. बीएमपी वापरायचं काही कारण नाही.

वर्डमधून वेबपान म्हणून सेव्ह केलेली फाइल तशीच घेऊ नका. तिच्याबरोबर फायलींचा वेगळा फोल्डर येतो आणि कधीकधी चित्रांचे पत्ते सी ड्राइव्हपासून सुरू होणारे असतात. पानातला प्रत्येक पत्ता नुसता ब्लोहोल.जेपीजी असा, त्या पानाच्या संदर्भाने लिहिलेला हवा.

प्रोजेक्टमध्ये घालणं

व्हिज्युअल स्टुडिओत सोल्यूशन एक्सप्लोररमध्ये फाइलवर क्लिक करा, एफ४ दाबून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘बिल्ड ॲक्शन’ समोर ‘एम्बेडेड रिसोर्स’ निवडा. डब्ल्यूपीएफ (खिडक्या बनवायची दुसरी चौकट) प्रोजेक्टमध्ये तिथेच नुसतं ‘रिसोर्स’ असाही पर्याय दिसतो. तो वेगळा आहे. त्याने फाइल दुसऱ्या कप्प्यात जाते आणि पुढे आपण वापरणार असलेल्या पद्धतीने ती सापडत नाही.

‘कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी’ मात्र ‘डू नॉट कॉपी’ वरच ठेवा. कॉपी चालू असली की फाइल एक्सईशेजारीही पडते, पान तिथूनच उघडत राहतं आणि एम्बेड झालंच नव्हतं हे पार्टीकडे गेल्यावर कळतं.

आता नावाचा प्रश्न. तुम्ही काही सांगितलं नाही तर कंपायलर स्वतः नाव बनवतो: प्रोजेक्टचा मूळ नेमस्पेस, मग टिंब, मग फोल्डर, मग टिंब, मग फाइलचं नाव. फौंड्रीॲप नावाच्या प्रोजेक्टमधली वेब फोल्डरातली फाइल ‘फौंड्रीॲप.वेब.होम.एचटीएमएल’ होते. फोल्डरच्या नावात जोडरेघ किंवा मोकळी जागा असेल तर तिची अंडरस्कोअर होते, फाइलच्या नावातली जोडरेघ मात्र तशीच राहते. एवढे नियम लक्षात ठेवण्यापेक्षा नाव आपणच द्यावं. प्रोजेक्ट फाइल उघडा, ‘एम्बेडेड रिसोर्स’ या घटकात ‘इन्क्लूड’ ला वेब फोल्डरातल्या सगळ्या फाइली द्या आणि ‘लॉजिकल नेम’ मध्ये वेब, तिरपी रेघ, फाइलनाव आणि एक्स्टेन्शन असा साचा लिहा. मग रिसोर्सचं नाव ‘वेब/ब्लोहोल.जेपीजी’ असं होतं, पत्त्यासारखंच दिसणारं. आत आणखी फोल्डर असतील तर एमएसबिल्ड, म्हणजे बिल्ड करणारं साधन, त्यांचा मार्ग उलट्या तिरप्या रेघेने देतं. ती रेघ साच्यातच बदलून घ्या, नाहीतर नाव जुळणार नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक सापळा आवर्जून ओळखून ठेवावा. दोन भाषांतली पानं ठेवायची म्हणून अनेकजण फाइलला होम.एमआर.एचटीएमएल असं नाव देतात. एमआर हा मराठीचा भाषा-संकेत आहे. बिल्डला तो नावात, दोन टिंबांच्या मध्ये दिसला की त्याला वाटतं हा मराठी अनुवादाचा रिसोर्स. मग ती फाइल मुख्य असेम्ब्लीत, म्हणजे आपला कोड आणि रिसोर्स असलेल्या फाइलीत, जातच नाही (डॉट नेट ८ मध्ये ही एक्सईशेजारची त्याच नावाची डीएलएल असते; पब्लिश करताना ‘सिंगल फाइल’ निवडलं तर ती एक्सईत जाते). आउटपुटमध्ये ‘एमआर’ नावाचा फोल्डर तयार होतो, त्यात वेगळी डीएलएल पडते आणि तुमचं पान तिच्यात जाऊन बसतं. बिल्ड बिनचूक होतो, एकही इशारा येत नाही, आणि पान काही सापडत नाही. दोन उपाय आहेत. फाइलला टिंबाऐवजी जोडरेघेने होम-एमआर.एचटीएमएल नाव द्या किंवा प्रोजेक्ट फाइलमध्ये त्या घटकाला ‘विथ कल्चर’ ची किंमत ‘फॉल्स’ द्या. पहिला उपाय साधा आहे आणि तोच बरा.

बिल्ड झाला की पुढे धावण्याआधी तपासा. ‘गेट मॅनिफेस्ट रिसोर्स नेम्स’ ही पद्धत असेम्ब्लीतल्या सगळ्या रिसोर्सची नावं देते. ती यादी एकदा आउटपुट खिडकीत छापा आणि डोळ्यांनी वाचा. ‘गेट मॅनिफेस्ट रिसोर्स स्ट्रीम’ ला चुकीचं नाव दिलं तर ती एरर देत नाही, मुकाट्याने नल परत करते, आणि कार्यक्रम कोसळतो दोन ओळी पुढे, भलत्याच ठिकाणी.

पान खिडकीत आणणं

न्यूगेटमधून, म्हणजे डॉट नेटच्या तयार पॅकेजांच्या भांडारातून, मायक्रोसॉफ्ट.वेब.वेबव्ह्यू२ हे पॅकेज घ्या आणि फॉर्मवर वेबव्ह्यू२ कंट्रोल टाका. पान दाखवायचे तीन रस्ते आहेत.

सगळ्यात जवळचा म्हणजे ‘नॅव्हिगेट टू स्ट्रिंग’. रिसोर्स वाचून मजकूर त्याला दिला की पान दिसतं. एक पान, चित्रं नाहीत, असं असेल तर हाच वापरा. पण अशा पानाला स्वतःचा पत्ता नसतो, त्यामुळे ब्लोहोल.जेपीजी कुठून आणायचं हे त्याला कळत नाही. मग लोक चित्रं बेस६४ करून, म्हणजे त्यांचे बाइट साध्या अक्षरांत लिहून, पानातच कोंबतात. बेस६४ मध्ये दर तीन बाइटांचे चार होतात, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढतो, आणि या पद्धतीला दोन एमबीची, नेमकं सांगायचं तर २०,९७,१५२ बाइटांची मर्यादा आहे. दीड एमबीची चित्रं झाली की तुम्ही तिथे पोचलातच.

दुसरा रस्ता म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरला एक कल्पित पत्ता जोडून देणं. त्यात फाइली डिस्कवरच राहतात, म्हणून अंतिम कामासाठी तो आपल्या उपयोगाचा नाही. पान लिहिताना मात्र उत्तम, कारण मजकूर बदलला की नुसतं रिफ्रेश केलं तरी पुरतं. डीबग बिल्डमध्ये हा आणि रिलीजमध्ये पुढचा, अशी विभागणी करा.

खरा रस्ता तिसरा: पानाने मागितलेली प्रत्येक गोष्ट आपण मध्येच अडवायची आणि रिसोर्समधून काढून द्यायची. आधी एक पत्ता ठरवा, समजा ‘एचटीटीपीएस://मदत.एक्झाम्पल/’, अर्थात रोमन लिपीत. शेवटचं ‘एक्झाम्पल’ मुद्दाम घेतलंय. ते नाव उदाहरणांसाठी राखीव आहे, त्यामुळे कुणाच्या खऱ्या साइटशी टक्कर होत नाही. ‘लोकल’ ने संपणारं नाव टाळा, ते स्थानिक नेटवर्कवरच्या शोधासाठी राखलेलं आहे.

फॉर्मच्या लोड इव्हेंटमध्ये, क्रमाने:

१. ‘एन्श्युअर कोअर वेबव्ह्यू२ असिंक’ ला अवेट लावून बोलवा. अवेटऐवजी वेट किंवा रिझल्ट लिहिलंत तर खिडकी गोठते, कारण तयारीचं काम त्याच थ्रेडवर व्हायचं असतं आणि तुम्ही तोच अडवून धरलेला असतो.

२. ‘ॲड वेब रिसोर्स रिक्वेस्टेड फिल्टर’ ला तुमचा पत्ता आणि शेवटी तारा द्या, संदर्भ ‘ऑल’. फिल्टर लावला नाही तर इव्हेंट येतच नाही.

३. ‘वेब रिसोर्स रिक्वेस्टेड’ इव्हेंटला आपली पद्धत जोडा.

४. आणि मगच त्या पत्त्यावरच्या होम.एचटीएमएल कडे नॅव्हिगेट करा. डिझायनरमध्ये सोर्सची चौकट रिकामीच ठेवा. ती भरली तर कंट्रोल आपल्या आधीच स्वतःहून सुरू होतो.

इव्हेंटच्या पद्धतीत काय घडतं ते एका फोटोच्या मागोमाग जाऊन पाहू. पान ब्लोहोल.जेपीजी मागतं. तुमच्या हातात पूर्ण पत्ता येतो, कदाचित प्रश्नचिन्हानंतरच्या शेपटासकट. त्यातून ‘ॲब्सोल्यूट पाथ’ घ्या, म्हणजे शेपूट गळतं आणि ‘/ब्लोहोल.जेपीजी’ उरतं. पहिली तिरपी रेघ काढा, पुढे ‘वेब/’ जोडा. या नावाने स्ट्रीम मागा. नल आली तर ४०४ चं, म्हणजे ‘सापडलं नाही’ असं, उत्तर द्या. ब्राउझर न सांगता फेव्हआयकॉन (पानाचं छोटं चिन्ह) मागतो, आणि तेवढ्यावर एक्सेप्शन फेकून खिडकी बंद पाडायची नसते. स्ट्रीम मिळाली तर ‘क्रिएट वेब रिसोर्स रिस्पॉन्स’ ला चार गोष्टी द्या: स्ट्रीम, २००, ‘ओके’ आणि हेडर. हेडरमध्ये कंटेंट-टाइप. एचटीएमएलला टेक्स्ट/एचटीएमएल आणि कॅरसेट यूटीएफ-८, सीएसएसला टेक्स्ट/सीएसएस, फोटोला इमेज/जेपीईजी, एसव्हीजीला इमेज/एसव्हीजी+एक्सएमएल, फाँटला फाँट/डब्ल्यूओएफएफ२. जेपीजी फाइलचा प्रकार ‘जेपीईजी’ असतो, त्यात ई आहे हे ध्यानात ठेवा. एसव्हीजीचा प्रकार चुकला की चित्र उमटत नाही. सीएसएसचा चुकला की स्टाइल लागत नाही आणि पान उघडंबोडकं दिसतं. शेवटी तयार झालेलं उत्तर इव्हेंटच्या रिस्पॉन्समध्ये ठेवा.

इथे चांगल्या सवयीची माणसंच हमखास अडकतात. स्ट्रीम उघडली की यूझिंगमध्ये गुंडाळायची, हे आपल्याला शिकवलेलं असतं. पण वेबव्ह्यू२ ती स्ट्रीम तुमची पद्धत संपल्यानंतर, सवडीने वाचतं. यूझिंगमुळे ती तोवर बंद झालेली असते आणि चित्र कोरं येतं. म्हणून इथे यूझिंग नको. छोट्या फाइली असतील तर सुरुवातीलाच बाइट ॲरेमध्ये वाचून ठेवा आणि प्रत्येक मागणीला त्यावरून नवी मेमरी स्ट्रीम करून द्या. एकच स्ट्रीम दोनदा देऊ नका. पहिल्या वाचनानंतर ती शेवटाला पोचलेली असते आणि दुसऱ्यांदा शून्य बाइट मिळतात.

सी++ आणि जुनी सॉफ्टवेअरं

सी++ मध्ये हेच काम आरसी फाइलमधून होतं. ओळीत आधी ओळखक्रमांक, मग आरसीडेटा, मग अवतरणात फाइलचा मार्ग, त्यातल्या उलट्या रेघा दोनदोन. रिसोर्स कंपायलर त्यातून आरईएस फाइल करतो आणि लिंकर ती एक्सईत जोडतो. वाचताना फाइंड रिसोर्स, लोड रिसोर्स, लॉक रिसोर्स आणि साइझऑफ रिसोर्स. शेवटचं गाळू नका. रिसोर्सच्या शेवटी शून्य बाइट असेलच असं नाही, आणि लांबी न पाहता मजकूर म्हणून वाचलंत तर पानाखाली कचरा येतो. ओळखनाव रिसोर्स.एच मध्ये डिफाइन करायचं राहिलं तर कंपायलर तक्रार न करता त्या नावालाच अक्षरी नाव समजतो आणि क्रमांकाने शोधल्यावर एरर १८१४ मिळते, म्हणजे नाव सापडलं नाही. १८१३ आली तर प्रकार सापडलेला नाही. चित्र बिटमॅप प्रकारात घालू नका. त्यात फाइलचं पहिलं १४ बाइटांचं हेडर काढून टाकलं जातं, आणि बाहेर काढलेला ऐवज बीएमपी फाइल म्हणून उघडत नाही.

जुन्या वेबब्राउझर कंट्रोलवर चालणारी सॉफ्टवेअरं अजून भरपूर आहेत. त्यांत ‘रेस’ ने सुरू होणारा पत्ता एक्सईतलं पान थेट उघडतो, आणि पान व चित्रं दोन्ही एचटीएमएल प्रकारात, म्हणजे क्रमांक २३ मध्ये घातली की आपसातले पत्तेही जुळतात. चालू आहे ते चालू द्या, पण नवं काम त्यावर सुरू करू नका. ते कंट्रोल इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनावर उभं आहे आणि वेगळं सांगितलं नाही तर आवृत्ती ७ सारखं वागतं. वेबव्ह्यू२ मध्ये ‘रेस’ चा पत्ता चालत नाही, त्यामुळे नव्यावर जाताना वरची तिसरी पद्धतच घ्यावी लागते.

पार्टीच्या मशीनवर

वेबव्ह्यू२ चं पॅकेज म्हणजे रनटाइम, म्हणजे मशीनवर पान प्रत्यक्ष दाखवणारं इंजिन, नव्हे. विंडोज ११ वर रनटाइम असतो, विंडोज १० च्या प्रत्येक मशीनवर असेलच असं धरून चालू नका. नेट नसलेल्या ठिकाणी जाताना त्याचा स्टँडअलोन इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर न्या. छोटा बूटस्ट्रॅपर तिथे कामाचा नाही, तो बाकीचं नेटवरून उतरवतो. ३२ की ६४ बिट हेही आधी विचारून घ्या.

दुसरी अडचण परवानगीची. वेबव्ह्यू२ स्वतःचा डेटा फोल्डर एक्सईशेजारी करू पाहतं. सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. तुमच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ आपल्याच फोल्डरातून चालवत असल्याने हे कधी दिसत नाही. म्हणून ‘क्रिएट असिंक’ ने एन्व्हायर्नमेंट बनवताना डेटा फोल्डर वापरकर्त्याच्या लोकल ॲप डेटामध्ये द्या आणि तेच एन्व्हायर्नमेंट एन्श्युअरला द्या.

एक्सईत घातलेलं काहीही गुप्त नसतं. रिसोर्स हॅकर किंवा आयएलस्पायसारख्या मोफत साधनाने कुणीही ते मिनिटभरात बाहेर काढू शकतो. डेटाबेसचा पासवर्ड किंवा ग्राहकाच्या ड्रॉइंगचे फोटो त्यात घालू नका.

देण्याआधीची चाचणी अशी करा. पब्लिश केलेलं आउटपुट तेवढंच दुसऱ्या ड्राइव्हवर न्या, मूळ ‘वेब’ फोल्डरचं नाव बदला, नेट बंद करा, ॲडमिन नसलेल्या खात्याने लॉगिन करा आणि मग चालवा. पान उघडलं की एफ१२ दाबून नेटवर्क टॅब पाहा. फेव्हआयकॉन सोडून एकही ४०४ नको, आणि मदत.एक्झाम्पलखेरीज दुसऱ्या कुठल्या पत्त्याची ओळ दिसली तर ती पानातून शोधून काढा. बाकी सगळ्या ओळी २०० झाल्या की सेटिंग्जमध्ये ‘आर डेव्ह टूल्स एनेबल्ड’ फॉल्स करून पुन्हा बिल्ड करा, आणि तोच बिल्ड पार्टीला द्या.